वर्ध्यात बसून स्नोबोर्ड

वर्धा जिल्ह्यात आभाळातून गोठून येणारं पाणी म्हणजे गारपीट. ती फेब्रुवारी-मार्चात येते, उभा गहू आडवा करते, आर्वी-कारंज्याकडची संत्री खाली पाडते आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात जाऊन संपते. तिच्यावरून घसरत जावं, असं इथे कोणाच्या मनात येत नाही. तरीही स्नोबोर्ड कोणता घ्यावा हे विचारायला माझ्याकडे पोरं येतात. नोकरीनिमित्त माझी काही वर्षं कॅनडात, कॅलगरीला गेली, एवढंच माझं भांडवल. कोणी गुलमर्गच्या कोर्सचा फॉर्म भरलेला असतो, कोणी बंगळूरला नोकरीला लागलेलं असतं आणि पहिला बोनस खिशात खुळखुळत असतो. त्यांना सांगता सांगता जे वहीत उतरलं ते हे. क्रम लावायच्या भानगडीत पडलेले नाही.

*

पहिला प्रश्न ठरलेला. "काकू, सगळ्यात भारी बोर्ड कोणता?"

मी उलट विचारते. जाणार कुठे? वजन किती? बुटाचा नंबर? आजवर बर्फावर किती दिवस काढलेस, आणि उतरताना नेमकं काय करायला आवडलं? पहिल्या तिन्हींची उत्तरं खरी येतात, वजनात थोडी काटछाट होते तेवढीच. शेवटच्या प्रश्नाला मात्र पोरगं मोबाइल पुढे करतं. त्यात अलास्कातल्या एखाद्या कड्यावरून कोणीतरी उडी घेत असतो.

म्हणजे बोर्ड त्या व्हिडिओतल्या माणसासाठी घ्यायचा बेत असतो. दुकानात अगदी टाकाऊ बोर्ड आता फारसे मिळत नाहीत. लोक फसतात ते दुसऱ्याच्या मापाचा, दुसऱ्याच्या हौसेचा आणि दुसऱ्याच्या डोंगरासाठी केलेला बोर्ड घेऊन. बाकीची बहुतेक टिपणं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

*

या खेळाची सुरुवात झाली तेव्हा निवडायला काही नव्हतंच. १९६५च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या मस्किगन गावी शर्मन पॉपेन या माणसानं मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. बायकोनं त्याला नाव दिलं ‘स्नर्फर’. पुढच्या टोकाला एक दोरी, ती हातात धरायची आणि उतारावर उभं राहायचं. पाय बांधलेले नाहीत, कडेला पोलाद नाही, वळणं म्हणजे देवाची मर्जी. १९७७मध्ये जेक बर्टन कार्पेंटरनं व्हरमाँटमधल्या लंडनडेरीत फळ्या तयार करायचा उद्योग काढला. १९७९च्या स्नर्फर स्पर्धेत तो पायांना पट्टे लावलेली स्वतःची फळी घेऊन उतरला, तेव्हा ‘हे स्नर्फर नव्हे’ अशी तक्रार झाली आणि त्याच्यासाठी वेगळा गट काढावा लागला.

पाय फळीला बांधले गेले आणि मग शैली नावाची गोष्ट आली, असं मला वाटतं. पाय मोकळे असताना सगळे एकाच शैलीत पडत होते.

*

आता प्रकार. दुकानात चार-पाच नावं ऐकू येतात.

ऑल-माउंटन : सगळीकडे चालेल असा. फ्रीस्टाइल : उड्या, गिरक्या, रेलिंगवरून घसरणं, पार्कातले खेळ. फ्रीराइड : आखलेल्या वाटा सोडून डोंगराच्या मोकळ्या अंगावरून, वेगानं. पाउडर : ताज्या, भुसभुशीत, मांडीपर्यंतच्या बर्फासाठी. आणि कार्व्हिंग : दाबून सपाट केलेल्या बर्फावर कडेवर कलून लांब, स्वच्छ वळणं घेणाऱ्यांसाठी.

ही नावं बोर्डाची असली तरी खरं तर ती माणसांची आहेत. एकच माणूस सकाळी एक आणि दुपारी दुसरा असू शकतो, म्हणून ऑल-माउंटन सगळ्यात जास्त खपतो. त्याला ‘कशातच धड नाही’ म्हणून नाकं मुरडणारे लोक मला कॅलगरीत पुष्कळ भेटले. त्यातल्या निम्म्यांच्या गॅरेजमध्ये तोच होता.

*

आकार पाहायला शिकलं की निम्मं काम होतं. बोर्ड जमिनीवर आडवा ठेवायचा आणि दोन्ही टोकं बघायची.

दोन्ही टोकं हुबेहूब सारखी, पाय ठेवायच्या जागा बरोबर मध्यावर, असा तो ‘ट्विन’. पुढे तोंड करून जा की मागे, त्याला फरक पडत नाही. उडी मारून उलट दिशेनं उतरणाऱ्याला हेच हवं असतं. पुढचं टोक लांब-रुंद, शेपटी आखूड, पाय थोडे मागे सरकवलेले, असा तो ‘डिरेक्शनल’. त्याला एकाच दिशेनं जायला आवडतं. पुढचा भाग मोठा असल्यामुळे खोल बर्फात नाक वर राहतं. या दोघांच्या मधला, दिसायला ट्विन पण पाय किंचित मागे, असाही एक ‘डिरेक्शनल ट्विन’ असतो. ज्याला अजून आपलं काही ठरलेलं नाही त्याला मी तो सांगते.

काही पाउडर बोर्डांची शेपटी नाकापेक्षा स्पष्टच अरुंद असते. ती बर्फात आपोआप बुडते आणि नाक उचललं जातं. मागच्या पायावर रेलून मांडी भरून यायची ती यात वाचते.

*

फळीला कंबर असते. मध्ये अरुंद, टोकांकडे रुंद. ही कड एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या माहितीपत्रकात छापलेली असते, साधारण ६ ते ९ मीटर. त्रिज्या लहान तर बोर्ड चटकन, तोकड्या वळणात वळतो. मोठी तर लांब वळणं आणि वेगात स्थिरता. गर्दीच्या उतारावर लहान त्रिज्या सुखाची, मोकळ्या डोंगरावर मोठी. हा आकडा कोणी विचारत नाही. सगळे चित्र पाहतात.

*

‘कोणता घ्यावा’ या प्रश्नाचं उत्तर मला वर्ध्यातल्या मगन संग्रहालयातही सापडतं. तिथे चरखे मांडून ठेवले आहेत. ३० डिसेंबर १९३८ला गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. शाळेच्या सहलीत तिथून पळत निघालेली पोरं मोठेपणी पुन्हा जात नाहीत. मी अधूनमधून जाते.

पेटीत मिटणारा येरवडा चरखा प्रवासात नेता येतो. किसान चरखा दणकट, घरी एका जागी ठेवून कातायचा. मगन चरखा पायानं चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि दोन चात्यांवर एकदम सूत निघतं. प्रभुदास गांधींनी तो तयार केला आणि मगनलाल गांधींचं नाव त्याला दिलं. सगळ्यात साधी टकळी. ती पिशवीत टाकून सभेला जायचं. यातला ‘भारी’ कोणता, हे तिथल्या कार्यकर्त्याला विचारून बघा. तो आधी तुम्ही कुठे बसून, किती वेळ आणि कशासाठी कातणार हे विचारील.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे एक लाख. अटी वाचण्यासारख्या आहेत. आठ तासांत १६,००० फूट सूत, १२ ते २० नंबरचं. किंमत दीडशे रुपयांच्या आत. नीट देखभाल केली तर वीस वर्षं टिकावा. आणि बाईला आपल्या झोपडीत बसून हातानं किंवा पायानं आठ तास चालवता यावा, तेही फार न थकता. यंत्र कसं दिसावं यावर एक शब्द नाही. कोण चालवणार, कुठे, किती वेळ, त्याचं अंग काय म्हणेल, एवढंच. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी.

स्नोबोर्ड बनवणाऱ्यांनी हा कागद वाचलेला नसणार. पण चांगला दुकानदार याच क्रमानं विचारतो.

*

कॅम्बर आणि रॉकर. यावर पोरं रात्र रात्र भांडतात.

बोर्ड सपाट फरशीवर ठेवा. मधला भाग वर उचललेला आणि दोन टोकांजवळ तो टेकलेला, तर कॅम्बर. तुम्ही वर उभे राहिलात की तो दबतो, पूर्ण कड बर्फाला एकसारखी लागते आणि वळणातून बाहेर येताना तो उसळतो. कडक बर्फावर पकड चांगली, उडीला जोर. पण चूक झाली तर कड बर्फात अडकते आणि माणूस सपशेल आपटतो.

उलट, मधला भाग टेकलेला आणि टोकं आधीच वर गेलेली, तर रॉकर. वळायला सोपा, भुसभुशीत बर्फात तरंगतो, कड अडकणं कमी. लिब टेक कंपनीच्या ‘स्केट बनाना’ बोर्डानं हा आकार घराघरांत नेला. याची कमजोरी कडक, निसरड्या उतारावर कळते. पकड सुटते आणि वेगात नाक फडफडतं.

आता बहुतेक बोर्ड मिश्र असतात. पायांखाली कॅम्बर आणि टोकांना रॉकर, किंवा याच्या उलट, किंवा मध्ये सरळ सपाट. शिकणाऱ्यानं मिश्र घ्यावा. ‘खरा माणूस कॅम्बरवरच शिकतो’ म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकून घ्यावं आणि मिश्रच घ्यावा.

*

कडकपणा, म्हणजे फ्लेक्स, १ ते १० आकड्यांत सांगतात. १ म्हणजे मऊ, १० म्हणजे ताठ. हा आकडा वाचताना एक लक्षात ठेवायचं. प्रत्येक कंपनी आपल्या मनानं तो ठरवते, सगळ्यांना मिळून एक मापदंड नाही. एका कंपनीचा ५ दुसरीच्या ७ला भारी पडू शकतो.

मऊ बोर्ड कमी वेगात तुमचं ऐकतो. ताठ बोर्ड वेगात शांत राहतो, पण त्याला वाकवायला जोर आणि तंत्र दोन्ही लागतात. पन्नास किलोच्या मुलीनं ८ फ्लेक्सचा बोर्ड घेतला तर तो तिला जिथे जायचंय तिथे नेणार नाही, त्याला जायचंय तिथे नेईल.

*

लांबीचा जुना नियम असा : बोर्ड उभा धरला की टोक हनुवटी आणि नाकाच्या मध्ये यावं. भाड्याच्या दुकानात अजून असंच उभं करून देतात. घाईत चालतं. पण बोर्डाला तुमची उंची कळत नाही, त्याच्यावर पडतं ते वजन. प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक लांबीसमोर किती किलोंपासून किती किलोंपर्यंत चालेल हे कंपनी छापते. ते वाचावं. सत्तर किलोच्या माणसाला ऑल-माउंटन बोर्ड साधारण १५५ ते १५८ सेंटिमीटरच्या आसपास येतो. पार्कात खेळणारा यातून थोडं कमी करतो, मोकळ्या डोंगरावर जाणारा थोडं वाढवतो. अलीकडे आखूड पण रुंद फळ्याही आल्या आहेत. त्या नेहमीच्या मापापेक्षा मुद्दाम लहान घ्यायच्या असतात, कारण लांबीतलं क्षेत्रफळ रुंदीत भरून काढलेलं असतं.

वजन खरं सांगावं. ऑफिसातल्या खुर्चीनं वाढवलेले किलोही उतारावर बरोबर येतात. त्यात जाकीट, हेल्मेट, पाठीवरची पिशवी आणि पाण्याची बाटली.

*

रुंदीकडे दुर्लक्ष केलेला माणूस पहिल्याच दिवशी ओळखू येतो. बूट आडवे बांधलेले असतात. फळी अरुंद आणि पाय मोठा असेल, तर वळणात कललं की बुटाची चोच बर्फात घासते आणि कड सुटते. बूट दोन्ही बाजूंनी जरा बाहेर डोकावला तर हरकत नाही, उलट त्यानंच कडेवर जोर देता येतो. जास्त नको. आपल्याकडच्या मापात १० नंबर आणि त्यापुढचा पाय असेल तर ‘वाइड’ बोर्ड विचारावा. लहान पायाला रुंद फळीही वाईटच, कारण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला उशीर होतो.

बायकांचे म्हणून जे बोर्ड विकतात त्यांत रंगाच्या पलीकडेही फरक असतो. कंबर अरुंद आणि वजनाच्या मानानं फ्लेक्स मऊ. लहान चणीच्या पुरुषाला तोच बोर्ड उत्तम बसतो. सांगून पाहिलं आहे. घेत नाहीत.

*

कोणता पाय पुढे? डावा पुढे ठेवणारे ‘रेग्युलर’, उजवा पुढे ठेवणारे ‘गूफी’. उजव्या-डाव्या हाताशी याचा थेट संबंध नाही. पारख सोपी आहे. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत यायचं आणि घसरायचं. विचार न करता जो पाय पुढे गेला तो पुढचा. बर्फ नसला तरी हे एवढं वर्ध्यात करता येतं, आणि आईनं फरशी पुसून घेतली असेल तर फारच छान जमतं.

बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला बांधून ठेवणारा जोड, त्याचे कोन हा पुढचा भाग. नवख्यानं पुढचा पाय पंधरा अंश पुढे आणि मागचा थोडासा मागे वळवलेला, असं सुरू करावं. उलटसुलट दोन्हीकडे उतरणारे दोन्ही पाय सारखेच बाहेर वळवतात, बदकासारखे. कार्व्हिंगवाले दोन्ही पाय पुढच्या दिशेनं वळवतात. स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवावा आणि डोंगरावरच कमी-जास्त करून पाहावं. यात कोणाचा सल्ला ऐकण्यापेक्षा गुडघ्याचं ऐकावं.

*

बूट. इथे मी थांबते, पाणी पिते आणि समोरच्याला पुन्हा बसायला सांगते.

पैसे कमी असतील तर बोर्ड भाड्याचा घ्यावा आणि बूट स्वतःचे. लोक बरोबर उलटं करतात, कारण बुटाचा फोटो कोणी लावत नाही. तुम्ही अंगानं जे काही करता ते फळीपर्यंत पोचतं बुटातूनच. टाच आत उचलली गेली तर तुम्ही टाचेनं दिलेली आज्ञा फळीला अर्धीच मिळते. बोटं पुढे हलकी टेकावीत. गुडघे वाकवले की ती जरा मागे सरकावीत. टाच जागची हलू नये. दुकानात बूट घालून दहा-पंधरा मिनिटं फिरावं. दुखणं असेल तर ते तेवढ्यात बोलायला लागतं. मोजा एकच. दोन मोजे घालणं म्हणजे सैल बूट घेतल्याची कबुली. नव्या बुटाचं आतलं अस्तर वापरानं दबतं, म्हणून सुरुवातीला घट्ट वाटला तर तो तसाच असायला हवा.

बुटाचाही फ्लेक्स असतो. बोर्ड मऊ आणि बूट ताठ, किंवा याच्या उलट, अशी जोडी जमत नाही. बाइंडिंगही त्यांच्याच स्वभावाची हवी. पोळ्याला बैलजोडी सजवतात तेव्हा झूल पाहणारे पाहतात, पण चाल जुळते की नाही हे नांगराला कळतं.

भाड्याच्या बुटांबद्दल एकच तक्रार नोंदवते. एका डोंगरपायथ्याच्या दुकानात मला मिळालेला जोड आतून ओला होता आणि दुकानदाराच्या मते तो ‘कालच धुतलेला’ होता.

*

आता गुलमर्ग, कारण वर्ध्याचा माणूस शेवटी तिथेच जाणार.

गुलमर्ग पीर पंजाल रांगेत, सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवाट शिखराच्या खांद्यापर्यंत, चार हजार मीटरच्या थोडं खाली. पहिला १९९८मध्ये सुरू झाला, दुसरा २००५मध्ये. दुसऱ्या टप्प्यावर उतरलं की समोर बहुतांश मोकळा डोंगर असतो. युरोप-अमेरिकेतल्या रिसॉर्टसारखं यंत्रानं रोज दाबून काढलेल्या उतारांचं जाळं तिथे नाही. ताजा, कोरडा, खोल बर्फ, म्हणूनच जगभरचे फ्रीराइडवाले तिथे येतात. त्यांच्यासाठी तिथला योग्य बोर्ड म्हणजे डिरेक्शनल, मोठ्या नाकाचा, नेहमीपेक्षा थोडा लांब.

पण थांबा. शिकाऊ माणूस पहिले कित्येक दिवस खाली, गोल्फ मैदानाच्या बाजूच्या बुटक्या उतारांवर असतो. तिथला बर्फ शेकडो लोकांनी तुडवलेला, सकाळी कडक आणि दुपारी चिखलट. तिथे तो लांब फ्रीराइड बोर्ड घेऊन उभा राहिला तर दिवसभर वळायला झगडेल. एकाच गावात दोन डोंगर आहेत आणि वरच्या डोंगराची फळी घेऊन लोक खालच्या डोंगरावर जातात.

अजून एक. बर्फाचा भरवसा कमी होत चालला आहे. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्ग तपकिरी, कोरडं पडलं होतं. फोटो सगळ्यांनी पाहिले. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग २०२५मध्ये बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. ज्या हंगामात खोल बर्फ येईल की नाही हेच माहीत नाही, त्यासाठी खास पाउडर बोर्ड विकत घेणं धाडसाचं आहे. ऑल-माउंटन घ्यावा, पाय एक-दोन छिद्रं मागे सरकवावेत. खोल बर्फ आलाच तर तेवढ्यावर निभावतं.

*

वरच्या टप्प्यावर बोर्डाच्या निवडीआधी येते ती पाठीवरची पिशवी. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधणारं यंत्र, फावडं, खुपसून पाहायची काठी. आणि ती वापरता येणारा सोबती. १ फेब्रुवारी २०२३ला अफरवाटच्या हापतखुड भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. नवखे नव्हते ते. गाइड आणि त्या सकाळचा स्की गस्तीपथकाचा इशारा यांच्यापुढे कोणाचीही शैली गौण.

*

पुलगावच्या लष्करी डेपोमुळे आपल्या जिल्ह्यात फौजी घरं बरीच. त्यातल्या एका काकांनी मला विचारलं होतं की सैन्य स्कीच का वापरतं, फळी का नाही. गुलमर्गला १९४८ साली सैन्याची स्की शाळा निघाली, तीच आता हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. तिथे स्की शिकवतात, कारण स्कीवर चढता येतं. खाली कातड्यासारखी पट्टी लावली की माणूस चालत डोंगर चढतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच लाकडाला बांधलेले, चढायचं तर फळी पाठीवर. यावर उपाय म्हणून उभी चिरून दोन करता येणारी ‘स्प्लिटबोर्ड’ निघाली. चढताना दोन, उतरताना एक. महाग आणि जड. पहिल्या पाच वर्षांत तिचं नाव काढू नये.

*

कॅलगरीचं एक. शहरालगतच्या टेकडीवर चिनूक वारा आला की बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री काचेसारखा गोठतो. तिथे कॅम्बरवाले राजे. दीड तास पश्चिमेला सनशाइन व्हिलेजला गेलं की हलका, कोरडा बर्फ, आणि तीच माणसं रॉकरवाल्यांचा हेवा करतात. तिथल्या एका मराठी घरात नवरा-बायको दोघांचे बोर्ड वेगळे आणि मतंही वेगळी. तो पार्कात, ती झाडांतून. मंडळाच्या गणपतीत दोघांनी मला स्वतंत्रपणे बाजूला घेऊन समोरच्याचा बोर्ड कसा चुकीचा आहे ते समजावलं. दोघांचंही म्हणणं आपापल्यापुरतं बरोबर होतं.

*

कार्व्हिंगची टोकाची बाजू पाहायची तर एस्टर लेडेत्स्का. चेक खेळाडू. २०१८च्या प्याँगचँग ऑलिंपिकात तिनं आधी स्कीइंगच्या सुपर-जीमध्ये एक शतांश सेकंदानं सुवर्ण घेतलं आणि आठवड्यानं स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलममध्ये दुसरं. तिची शर्यतीची फळी आपल्या पोरांच्या फळीसारखी दिसतच नाही. लांब, सुरीसारखी अरुंद, अतिशय ताठ, आणि पायात कडक प्लास्टिकचे बूट. तिच्यावर उडी मारायला गेलात तर जमणार नाही आणि पाउडरमध्ये गेलात तर ती बुडेल. एका कामासाठी बाकी सगळी कामं सोडून दिलेली.

गंमत अशी की सुपर-जी जिंकताना तिच्या पायातल्या स्की मिकेला शिफ्रिनकडून आलेल्या, उसन्या होत्या. हे वाक्य मी पोरांना सांगत नाही. लगेच म्हणतील, मग मापाचं काय एवढं, काकू?

*

किरकोळ.

बेस दोन तऱ्हेचे. एक्स्ट्रूडेड स्वस्त, दुरुस्तीला सोपा, वॅक्स नसलं तरी चालून जातो. सिंटर्ड वेगवान, पण त्याला वरचेवर वॅक्स पाजावं लागतं. वर्षातून एकदा डोंगर पाहणाऱ्यानं सिंटर्डसाठी जास्तीचे पैसे का द्यावेत, मला कळत नाही.

गाभ्यात बहुधा लाकूडच असतं. पॉप्लर, पॉलोनिया, कधी बांबू. ‘कार्बन’ हा शब्द वाचून हुरळू नये. त्यानं बोर्ड हलका आणि ताठ होतो. ताठ तुम्हाला हवा आहे का, हे आधी पाहा.

नवशिके पडताना हात टेकतात आणि मनगट मोडतं. मनगटाची पट्टी बोर्डाच्या मानानं अगदी स्वस्त असते. हेल्मेटबद्दल चर्चा नको.

जुना बोर्ड घ्यायला हरकत नाही. पोलादी कडांवरून बोट फिरवावं, कुठे तुटली किंवा बेसपासून सुटली आहे का ते पाहावं. वरच्या थराला पडलेले ओरखडे सोडून द्यावेत.

*

विकत घ्यावा का, याचं माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. वर्षातून आठ-दहा दिवस बर्फ मिळणाऱ्यानं पहिले दोन हंगाम भाड्यानं काढावेत आणि दर वेळी वेगळा बोर्ड मागावा. एकदा मऊ ट्विन, एकदा ताठ डिरेक्शनल. कोणता कुठे छळतो हे वहीत लिहावं. आपण उतारावर काय करतो, यापेक्षा मन कुठे ओढतं ते पाहावं. कोणी कडेच्या उंचवट्याकडे आपोआप वळतो, कोणी झाडांत शिरतो, कोणी सरळ खाली. ही ओढ म्हणजेच शैली. ती फरशीवर घसरून कळत नाही आणि माहितीपत्रकातही नसते.

तरीही ज्यानं घ्यायचंच ठरवलं आहे, त्याच्यासाठी कागद असा : मिश्र कॅम्बर, मध्यम किंवा त्याहून किंचित मऊ फ्लेक्स, डिरेक्शनल ट्विन, वजनाच्या तक्त्यातली मधली लांबी, बुटाला जुळणारी रुंदी. रंग कोणताही.

*

नेण्याचं. ६ जून २०२५ला कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, त्यामुळे नागपूरहून कटऱ्याला जाऊन पुढे रुळांवरूनच श्रीनगर गाठता येतं. कटऱ्यापर्यंतच्या गाडीत दीड मीटरची पिशवी खालच्या बर्थखाली मावते, फक्त आधी पोचावं आणि शेजाऱ्यांच्या ट्रंकांशी तह करावा. वर्धा स्टेशनावर एका ऑटोवाल्यानं माझी पिशवी उचलून पाहिली होती. "काकू, हे काय होय? दाराची फळी नेऊन रायल्या का?" मी हो म्हटलं. भाडं ठरवताना सोपं गेलं.

*

आणि ठेवण्याचं, कारण हे बाहेरच्या पुस्तकांत आपल्या हवामानासाठी लिहिलेलं नसतं. मे महिन्यात वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बोर्ड ठेवला तर आतल्या थरांचा चिकट जोड सुटायला लागू शकतो. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, पलंगाखाली, आडवा ठेवावा. हंगाम संपल्यावर बेसवर वॅक्सचा जाड थर द्यावा आणि तो खरवडून काढू नये, तसाच राहू द्यावा. बाइंडिंगचे स्क्रू सैल करावेत. मग पावसाळा. जूनच्या आधी पोलादी कडा कोरड्या फडक्यानं पुसून त्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवावा, नाहीतर नागपंचमीपर्यंत तांबूस गंज दिसायला लागतो. बूट मात्र पलंगाखाली नकोत, आत बुरशी धरते. अस्तर काढून, वर्तमानपत्र कोंबून, पंख्याच्या वाऱ्याला.